केस मोजून विकले जातात तेव्हा

ठाणे, डोंबिवली, कल्याण या स्थानकांच्या परिसरात केशरोपणाच्या जाहिराती आता नव्या राहिलेल्या नाहीत. अमुक इतके ग्राफ्ट, तमुक इतके पैसे, सुलभ हप्ते आणि संध्याकाळी घरी, असा त्यांचा मजकूर असतो. दाढी-कटिंगच्या दरपत्रकासारखा हा मजकूर वाचताना एक गोष्ट सहज नजरेआड होते. केशरोपण ही शस्त्रक्रिया आहे.

टक्कल पडलेल्याने केस हवेसे वाटून घेण्यात काही गैर नाही. पंचविशीतच कपाळ मागे सरकू लागले की लग्नाच्या बैठकीपासून कार्यालयातल्या थट्टेपर्यंत बरेच काही सोसावे लागते. त्यामुळे आक्षेप इच्छेला नाही. ती पुरवण्यासाठी जो बाजार उभा राहिला आहे, त्याच्या हिशेबाला आहे.

पुरुषांमधील आनुवंशिक टकलात डीएचटी या संप्रेरकामुळे केसांची मुळे हळूहळू बारीक होत जातात. डोक्याच्या मागच्या आणि कानांवरच्या पट्ट्यातील मुळांवर त्याचा परिणाम फारसा होत नाही. ही मुळे पुढे लावली तरी आपला गुणधर्म टिकवतात, हे न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९५९ मध्ये मांडले आणि आजचे केशरोपण त्यावरच उभे आहे. म्हणजे यात नवा केस तयार होत नाही. मागची शिल्लक पुढे वळवली जाते आणि ही शिल्लक मर्यादित असते. एका ग्राफ्टमध्ये साधारण एक ते चार केस असतात. हाव धरून ग्राफ्ट काढले तर मागचा भाग विरळ होतो आणि पुढे गरज पडल्यास काढायला काही उरत नाही.

दर ग्राफ्टमागे ठरला की जास्त ग्राफ्ट म्हणजे जास्त कमाई. ग्राफ्ट वाढले की तास वाढतात आणि तास वाढले की भुलीचे औषध वाढते. धोका इथे आहे. डोक्याच्या त्वचेत टोचल्या जाणाऱ्या लिग्नोकेनला वजनानुसार कमाल मर्यादा असते. अ‍ॅड्रिनॅलिनसह दिल्यास ती किलोमागे सुमारे ७ मिलिग्रॅम धरतात. ७० किलोच्या माणसासाठी हे दोन टक्क्यांचे जेमतेम २५ मिलिलिटर द्रावण झाले. मर्यादा ओलांडली तर ओठांना मुंग्या, कानात आवाज, झटके आणि शेवटी हृदयाची लय बिघडणे, इथवर मजल जाऊ शकते. औषधाची तीव्र अ‍ॅलर्जी तर कमी मात्रेतही उद्भवू शकते.

मार्च २०१९ मध्ये मुंबईत ४३ वर्षांच्या एका व्यावसायिकाचा केशरोपणानंतर मृत्यू झाला. एकाच बैठकीत सुमारे ९५०० ग्राफ्ट लावल्याचे आणि ही बैठक बारा तासांहून अधिक चालल्याचे तेव्हा वृत्तपत्रांत आले होते. मृत्यूमागे तीव्र अ‍ॅलर्जीचा संशय होता. असे मृत्यू विरळच, पण निरोगी माणूस हौसेने टेबलावर झोपतो तेव्हा 'विरळ' या शब्दाने डॉक्टरांची जबाबदारी कमी होत नाही.

जाहिरातीत न सांगितला जाणारा दुसरा भाग शस्त्रक्रियेनंतरचा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कपाळ आणि डोळ्यांभोवती सूज येऊ शकते. खपल्या पडायला आठ-दहा दिवस लागतात. या काळात सकाळच्या लोकलमधला डोक्याला बसलेला धक्का किंवा घट्ट हेल्मेट ग्राफ्ट निखळवू शकते. पुढच्या काही आठवड्यांत लावलेले बहुतेक केस गळून पडतात. मुळे जागच्या जागी असतात आणि हे गळणे अपेक्षितच असते, पण आधी कोणी सांगितले नसेल तर हजारो रुपये पाण्यात गेले असे वाटून माणूस खचतो. नवी वाढ तिसऱ्या-चौथ्या महिन्यात दिसू लागते, पूर्ण परिणामाला वर्षभर किंवा अधिक काळ लागतो. शिवाय मूळचे केस गळणे थांबत नाही. त्यासाठी मिनॉक्सिडिल किंवा फिनास्टेराइडसारखी औषधे दीर्घकाळ घ्यावी लागू शकतात. फिनास्टेराइडने काहींना लैंगिक तक्रारी होतात, हेही आधी सांगायला हवे.

राष्ट्रीय वैद्यक आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. रीतसर शस्त्रक्रिया प्रशिक्षण किंवा त्वचारोग शाखेची पात्रता असलेल्या डॉक्टरांनीच केशरोपण करावे, कार्यशाळा किंवा यूट्यूब पाहून शिकणे पुरेसे नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. सूचना कागदावर ठीक, पण गल्लीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या सेंटरचे दार कोण ठोठावणार? ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांच्या आरोग्य विभागांनी तक्रारीची वाट न पाहता अशा केंद्रांची पाहणी करावी. प्राणवायू, अ‍ॅड्रिनॅलिनचे इंजेक्शन, हृदयाची गती दाखवणारा मॉनिटर आणि जवळच्या रुग्णालयाशी ठरलेली व्यवस्था नसेल, तर तिथे भूल देऊ देऊ नये. ग्राफ्टच्या संख्येवर दर लावण्याची पद्धतही बंद व्हावी.

तोवर रुग्णाने पाच प्रश्न विचारावेत. सुई आणि चिमटा नेमका कोणाच्या हाती असेल? त्या डॉक्टरांचा महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक काय? एका बैठकीत किती ग्राफ्ट आणि तेवढेच का? भुलीचे औषध एकूण किती दिले जाईल? मध्यरात्री त्रास झाला तर फोन कोण उचलेल? या प्रश्नांची उत्तरे द्यायला जो कुरकुरतो, त्याच्याकडून ठरलेल्या तारखेला डोके भादरून घेण्यापेक्षा टक्कल मिरवणे केव्हाही शहाणपणाचे. केस पुढच्या वर्षीही लावता येतात.