म्हणे स्वतःच्या पैशाने!

मुंबईहून दिल्लीला चार्टर जेटने जाणाऱ्यांविषयी कुणी चकार शब्द काढला की एक उत्तर ठरलेले असते. "तो स्वतःच्या पैशाने जातोय ना, मग तुमच्या पोटात का दुखतंय?" हे मी लग्नाच्या पंगतीत ऐकले आहे, टीव्हीवरच्या चर्चेत ऐकले आहे आणि विरार लोकलच्या दारात लटकणाऱ्या माणसाच्या तोंडूनही ऐकले आहे. हे धादांत खोटे आहे. विमानाचे भाडे तो भरतो, बाकीचे बरेच काही आपण भरतो. आणि भरणाऱ्यालाच ते कळू नये, उलट त्यानेच जेटवाल्याची वकिली करावी, याची मला खरी चीड येते.

आधी धावपट्टीचे बोलू. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज विमानतळावर धावपट्ट्या दोन, पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. एवढ्या मोठ्या महानगराचा सगळा हवाई व्यवहार वर्षानुवर्षे या एका पट्टीवर चालला. तिथे जागा मिळते ती मिनिटांच्या हिशेबाने. १८६ आसनांचे एअरबस उतरले तरी एक खेप आणि चार माणसांचे जेट उतरले तरी एक खेप. कित्येकदा छोटे विमान जास्तच जागा खाते. मोठे विमान गेले की त्याच्यामागे हवेत भोवरे उरतात. मागून येणारे विमान जितके हलके तितका त्याला भोवऱ्यांचा धोका जास्त, म्हणून तितके जास्त अंतर राखावे लागते. नियंत्रक हे अंतर मैलांत मोजतो आणि ते मैल मागे रांगेत असलेल्या प्रत्येक विमानाच्या वेळेतून कापले जातात.

हा माझा तर्क नाही, सरकारनेच हे लिहून दिले आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने मुंबईच्या खेपा कमी करण्याचा आदेश दिला. गर्दीच्या काळात तासाला ४६ ऐवजी ४४, एरवी ४४ ऐवजी ४२. विमाने ४० ते ६० मिनिटे आकाशात घिरट्या घालत राहतात, त्यात प्रत्येकी पावणेदोन ते अडीच हजार लिटर इंधन फुकट जळते, असे मंत्रालयाने सांगितले. कारणे दिली ती अशी: विमानतळ चालवणाऱ्यांनी स्लॉट वाटताना मध्ये मोकळी वेळच ठेवली नाही, विमान कंपन्या स्लॉट पाळत नाहीत, आणि ऐन गर्दीत वेळापत्रकाबाहेरची उड्डाणे होतात. ही वेळापत्रकाबाहेरची उड्डाणे म्हणजेच चार्टर आणि खासगी जेट. त्यांच्यावर दिवसाला चार तासांची बंदी होती, ती आठ तासांची केली. उरलेले सोळा तास मोकळेच आहेत.

घिरट्या म्हणजे काय ते एकदा जवळून पाहिले. दिल्लीहून रात्री परतत होतो. शेजारच्या आसनावर कणकवलीचा एक मुलगा, यूपीएससीची मुलाखत देऊन निघालेला. दादरहून मध्यरात्रीची तुतारी एक्सप्रेस पकडायची म्हणून त्याने बॅगसुद्धा वर न ठेवता पायाशी घेतली होती. कॅप्टनने सांगितले, मुंबईत गर्दी आहे, थांबावे लागेल. विमान कलले, सरळ झाले, पुन्हा कलले. खाली तेच दिवे पुन्हा दिसायला लागले तसा तो मुलगा मोबाइलमधली वेळ पाहून मोबाइल पालथा ठेवायचा आणि लगेच पुन्हा उलटायचा. "काका, उतरल्यावर दादरला किती वेळात पोचेन?" एवढे एकच त्याने दोनदा विचारले. उतरलो तेव्हा तुतारी सुटून गेली होती. त्या रात्रीचा खोळंबा एकट्या चार्टरमुळे झाला असे मी म्हणत नाही. पण ज्या शहरात एकेका मिनिटासाठी शेकडो माणसे आकाशात टांगलेली असतात, तिथे चार माणसांनी अख्खी खेप घ्यावी, आणि त्या मुलाने ती "त्यांच्या पैशाची" म्हणून मान्य करावी, हे मला मान्य नाही.

१४ सप्टेंबर २०२३ आठवा. विशाखापट्टणमहून आलेले लियरजेट ४५ मुसळधार पावसात उतरताना धावपट्टीवरून घसरले आणि मोडले. आतले आठही जण वाचले, ही आनंदाचीच गोष्ट. पण धावपट्टी बंद करावी लागली, येणारी विमाने दुसऱ्या शहरांकडे वळवावी लागली. आठ जणांच्या प्रवासाचा भार सबंध विमानतळाने उचलला. त्याचे बिल कुणी कुणाला पाठवले?

धावपट्टीचे भाडेही नीट घेतले जात नाही. आपल्याकडे उतरण्याचा आकार विमानाच्या वजनावर ठरतो. किती माणसांची सोय झाली आणि किती मिनिटे अडली, याचा त्यात विचार नाही. त्यामुळे जागेची टंचाई ज्याच्यामुळे वाढते त्या हलक्या जेटला स्वस्त पडते. लहान शहरांची विमानसेवा परवडावी म्हणून 'उडान' योजना आली, एप्रिल २०१७ मध्ये नांदेडहून हैदराबादचे विमान त्याच योजनेत उडाले. त्या योजनेसाठी शुल्क घेतले जाते ते वेळापत्रकानुसार चालणाऱ्या विमानांकडून. म्हणजे मुंबई-दिल्लीचे साधे तिकीट काढणारी शाळामास्तरीण नांदेडच्या प्रवाशाला हातभार लावते. त्याच मार्गावर जेट घेऊन जाणारा बिल्डर एक छदाम देत नाही. मला याहून निर्लज्ज व्यवस्था दाखवा.

इंधनाचेही तेच. २०२३ च्या अर्थसंकल्पात राज्य सरकारने मुंबई, पुणे आणि रायगडमध्ये विमान इंधनावरचा व्हॅट २५ टक्क्यांवरून १८ वर आणला. विमान कंपन्यांना आकर्षित करायचे, असे कारण दिले. पण चार्टर जेटच्या टाकीत तेच इंधन जाते, तीच सवलत घेऊन. एसटीच्या डिझेलवर राज्याचा कर २१ टक्के. परळ आगारातून निघणाऱ्या लालपरीच्या इंधनावर जेटच्या इंधनापेक्षा जास्त टक्क्यांनी कर लागतो, आणि विधानसभेत यावर कुणी बाक वाजवला नाही. विमानखरेदीतही पळवाट ठेवलेली आहे. स्वतःच्या वापरासाठी विमान घेतले तर सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी, तेच चार्टरच्या धंद्यासाठी म्हणून आणले तर ५ टक्के. कागदावर धंदा आणि प्रत्यक्षात घरचीच ये-जा, या संशयावरून सीमाशुल्क खाते आणि विमानमालक यांचे वाद पूर्वीपासून कोर्टकचेऱ्यांत गेलेले आहेत.

हा लेख लिहिण्याआधी मी एका दलालाला फोन केला. मुंबई-दिल्ली, चार माणसे, जाऊन दुसऱ्या दिवशी परत. त्याने पहिल्यांदा विचारले ते बजेट. मग सांगितले की विमानाचा मुक्काम दिल्लीत असतो, ते आधी रिकामे मुंबईला येईल आणि तुम्हाला घेऊन जाईल. त्या रिकाम्या फेरीला धंद्यात 'पोझिशनिंग' म्हणतात. तिचे तास ग्राहकाच्याच बिलात लागतात. मुंबईत सोडल्यावर विमान उभे कुठे करणार, हे विचारले तर म्हणाला, "सर, मुंबईत पार्किंग मिळणं कठीण, कुठेतरी बाहेर नेऊन ठेवू." कुठेतरी बाहेर म्हणजे आणखी एक रिकामी फेरी. लाखांत आकडे सांगताना त्याचा आवाज जराही बदलला नाही. आणि सगळ्यात मोठे आमिष त्याने शेवटी काढले: "तुमची गाडी थेट विमानापाशी जाईल, कुणाच्या मागे उभं राहायचं नाही."

आता हिशेब मांडा. मध्यम आकाराचे जेट तासाला साधारण हजार लिटर इंधन पिते. दिल्ली दोन तासांवर. म्हणजे दोन हजार लिटर, माणशी पाचशे. एक रिकामी फेरी धरली तर माणशी हजार. साध्या, भरलेल्या विमानात हाच प्रवास माणशी तीस-पस्तीस लिटरमध्ये होतो. लिटरमागे अडीच किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर चार माणसांच्या या एकेरी प्रवासाने दहा टन हवेत सोडले. भारतात माणसामागे वर्षाला साधारण दोन टन पडतात. पाच माणसांचे वर्ष एका दुपारी जाळून टाकले. मराठवाड्यात पाऊस महिनाभर दडी मारतो आणि मग एका रात्रीत सोयाबीन वाहून नेतो, तेव्हा तिथल्या शेतकऱ्याने हा धूर कुणाच्या पैशाचा म्हणायचा?

"उद्योगपतीचा वेळ मोलाचा असतो" हे दुसरे समर्थन. मुंबई-दिल्ली हा जगातल्या सर्वाधिक गजबजलेल्या हवाई मार्गांपैकी एक आहे. पहाटेपासून रात्रीपर्यंत विमाने सुटत असतात, बिझनेस क्लास आहे, रांग चुकवायची सोयही विकत मिळते. जेट घेऊन वाचतो तो वेळ विमानतळावरचा, तासा-दीड तासाचा. आकाशात दोन तास ते दोन तासच. तेवढ्यासाठी हा खटाटोप. आणि वेळ मोलाचा असतो हे खरे असेल तर ते त्या कणकवलीच्या मुलाच्या बाबतीतही खरे आहे. हवाई रुग्णवाहिका, प्रत्यारोपणासाठी न्यायचे हृदय किंवा यकृत, पूरग्रस्तांची मदत, यांना धावपट्टी आधी द्यावी, कितीही मिनिटे द्यावी. जिथे नियमित विमान नाही अशा गावाला कुणी छोटे विमान घेऊन गेले तरी माझी तक्रार नाही. माझा राग आहे तो मुंबई-दिल्लीवर, मुंबई-बंगळुरूवर, जिथे सगळी सोय असताना फक्त इतरांबरोबर बसायचे नाही म्हणून जेट घेतले जाते.

आणि या राजकारण्यांना काय म्हणावे? जून २०२२ मध्ये आपले बंडखोर आमदार खास विमानाने सुरतहून गुवाहाटीला आणि गुवाहाटीहून गोव्याला गेले. त्या विमानांचा खर्च कुणी केला याचा पूर्ण हिशेब मतदारासमोर कधी मांडला गेला नाही. निवडणुकीत तर कायद्यानेच दार उघडे ठेवले आहे. विधानसभेच्या उमेदवाराला महाराष्ट्रात ४० लाखांची खर्चमर्यादा. पण मान्यताप्राप्त पक्षाने जाहीर केलेल्या ४० स्टार प्रचारकांचा प्रवास लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ७७ मुळे त्या मर्यादेत धरला जात नाही. चहा-वडापावचा हिशेब उमेदवाराकडून घेतला जातो आणि नेत्याच्या जेटचा खर्च त्याच्या खात्याबाहेर राहतो. ज्या पक्षाच्या नेत्याला कुणी जेट दिले, तो नेता उद्या मंत्री होऊन धावपट्टीवरून जेट हटवणार आहे का? इंधनावरची सवलत काढणार आहे का?

माझ्या मते सगळ्यात मोठी किंमत आपण इथेच मोजतो. ज्यांच्या एका फोनवर चक्रे फिरतात ती माणसे सामान्यांच्या रांगेतून कायमची निघून गेली आहेत. टर्मिनलमध्ये जमिनीवर झोपलेले प्रवासी त्यांना दिसत नाहीत, कारण ते कालिन्याच्या बाजूने आत जातात. मुंबई-दिल्ली राजधानी १९७२ मध्ये सुरू झाली. आजही तिला पंधरा तासांहून जास्त लागतात. रात्री निघून सकाळी कामाच्या वेळेला पोचवणारी वेगवान गाडी या दोन शहरांमध्ये पन्नास वर्षांत झाली नाही. मंत्री, सचिव, कारखानदार त्याच गाडीने जात असते तर ती केव्हाच झाली असती. उलट त्यांच्यासाठी काय होते ते मार्च २०२४ मध्ये जामनगरला दिसले. एका उद्योगपतीच्या घरच्या लग्नपूर्व सोहळ्यासाठी तिथल्या विमानतळाला दहा दिवसांपुरता आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. तेच सिंधुदुर्गात चिपीचा विमानतळ २०२१ मध्ये वाजतगाजत सुरू झाला आणि तीन वर्षांत त्याची मुंबईची विमानसेवा बंद पडली. तेव्हा दिल्लीत अशी धावपळ कुणी केली नाही.

मागण्या साध्या आहेत. मुंबई-दिल्लीसारख्या मार्गावर चार्टर जेटने उतरण्याचा आकार वजनावर न घेता अडवलेल्या मिनिटांवर घ्या, आणि तो १८६ जणांच्या विमानापेक्षा कमी असता कामा नये. उडानचे शुल्क त्यांच्याकडून कैक पटीने वसूल करा. त्यांच्या इंधनावरची सवलत आजच काढा. स्टार प्रचारकाच्या जेटचा खर्च उमेदवारांच्या खात्यात वाटून टाका. मुंबईच्या धावपट्टीवरची आठ तासांची बंदी चोवीस तासांची करा, रुग्णवाहिका, प्रत्यारोपणाचे अवयव आणि पूरमदत नेणारी विमाने तेवढी वगळा. नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाला आहे, जेट तिथे उतरू द्या. दक्षिण मुंबई तिथून लांब पडते अशी कुरकुर लगेच सुरू होईल. त्यांनी अटल सेतूवरून यावे, टोल भरावा आणि पुढच्या वाहतूक कोंडीत बाकीच्यांबरोबर थांबावे.