आधी गळ, मग मणी!

उरवड्याच्या ओढ्यावर घरी बांधलेली दोरा-पिसांची माशी टाकून बसणाऱ्यांनी टंगस्टनचे मणी मागवावेत, याला माझा सक्त विरोध आहे. अहो, पाणी घोट्याइतकं! टंगस्टनची घनता १९.३, पितळेची साडेआठच्या आसपास. माशी पडते ती थेट गोट्यांत रुतते आणि साहेब पँट वर करून तिला सोडवायला उतरतात. खोल, वेगवान धारेत जड मणी हवाच, त्याबद्दल वाद नाही. इथे पितळी किंवा काचेचा पुरे. मी सौ.च्या डब्यातले काळे मणीच वापरतो. (विचारून. पहिल्या खेपेला विचारलं नव्हतं.)

पण मणी आधी आणि गळ मागून, हा उलटा कारभार सुरू केला कोणी? मण्याचं भोक गळाच्या वाकणावरून सरकलं पाहिजे आणि मणी डोळ्याशी अडला पाहिजे. त्यात गळाचा नंबर वाढला की गळ बारीक होतो! मोठा म्हणून १६ नंबर आणला, तर त्यात एकही मणी जाईना. शेवटी पकडीनं गळाचा उलटा काटा दाबला. मणी सुळकन गेला. शिवाय मासाही न फाटता सुटतो, आणि सोडायचाच असेल तर याहून काय हवं?

सौ. म्हणते, "मासा सोडूनच द्यायचा, तर माझे मणी तरी परत आणा."