पाठ केलेला नियम आणि पडलेली भिंत



शाळाशाळांतून सामान्यज्ञानाच्या स्पर्धा होतात. परीक्षक म्हणून मलाही अधूनमधून बोलावणे येते. आमच्या धाराशिव जिल्ह्यात एक प्रश्न ठरलेला असतो : 'किल्लारीचा भूकंप केव्हा झाला?' उत्तरही तयार असते : ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. 'त्याचे परिमाण किती?' ६.२! टाळ्या पडतात, गुण मिळतात आणि गाडी पुढच्या प्रश्नाकडे वळते.

एकदा मी मध्येच एक जादा प्रश्न घातला : 'त्या भूकंपात माणसे कशाने मेली?' सगळे गप्प. शेवटी एक मुलगा म्हणाला, "सर, भूकंपाने."

तुम्हीही हेच उत्तर दिले असते का? थोडा विचार करा. नुसती जमीन हलल्याने माणूस सहसा मरत नाही. त्या पहाटे उघड्या रानात झोपलेला माणूस दचकून उठला असेल, फार तर धडपडला असेल. लातूर जिल्ह्यातील किल्लारीत आणि आपल्या जिल्ह्यातील सास्तूरसारख्या गावांत हजारो माणसे गेली, ती घरांखाली सापडून. त्यांना मारले ते भिंतींनी आणि छतांनी.

मी तेव्हा आठवीत होतो. आमचे गाव कळंब तालुक्यात, किल्लारीपासून बरेच दूर. भांडी खडखडली, आईने आम्हा भावंडांना ओढतच बाहेर काढले आणि उजाडेपर्यंत सारी गल्ली रस्त्यावर उभी होती. आमच्याही घरावर मातीचे माळवद होते. ते पडले नाही. पण त्याचे कारण घर भक्कम होते हे नव्हे. आमचे गाव लांब होते एवढेच.

आता ही घरे का पडली ते पाहू. त्यासाठी लागणारे विज्ञान तुमच्या पाठ्यपुस्तकात आहे. एस.टी.त उभे असताना गाडी एकदम सुरू झाली की आपण मागे झुकतो. पाय गाडीबरोबर पुढे जातात, वरचे शरीर मात्र जागीच राहू पाहते. हेच जडत्व. डोक्यावर बोचके असेल तर तोल आणखी लवकर जातो. भूकंपात घराची अवस्था नेमकी अशीच होते. पाया जमिनीबरोबर झटक्याने सरकतो, वरचे छत मागे राहू पाहते आणि मधल्या भिंतीची ओढाताण होते.

या ओढाताणीचे बळ किती? बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. जमिनीचे त्वरण आपल्या हाती नाही, पण वस्तुमान आपणच डोक्यावर चढवलेले असते. हिशेब करा. खोली ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद. तिच्यावर अर्धा मीटर जाडीचा मातीचा थर. म्हणजे ६ घनमीटर माती. एक घनमीटर दाबलेली माती सुमारे १.६ टन धरली, तरी जवळजवळ १० टन भरते. भरलेल्या मालमोटारीएवढे ओझे छतावर घेऊन आपण खाली निर्धास्त झोपत होतो!

आणि भिंती? त्या जाड होत्या, पण एकसंध नव्हत्या. बाहेर दगडाचा एक थर, आत दुसरा, मध्ये भर आणि सांधायला माती. दोन्ही थरांना बांधून ठेवणारे, भिंतीच्या आरपार जाणारे दगड बहुधा नसत. अशी भिंत वरचा भार वर्षानुवर्षे निमूटपणे पेलते, कारण दाब सोसणे दगडाला सोपे जाते. पण आडवा हिसका बसला की दोन थर फाकतात आणि भिंतीची रास होते. उलट, ज्या घरांत छताचा भार लाकडी खांबांवर आणि तुळयांवर होता, त्यांपैकी कित्येक घरांत भिंती ढासळूनही लाकडी सांगाडा उभा राहिला.

यावरून आपले पूर्वज अडाणी होते असे मात्र समजू नका. वैशाखातल्या उन्हात माळवदाखाली किती गार वाटते ते ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना त्यातले शहाणपण कळेल. उन्हाची अडचण त्यांनी उत्तम सोडवली होती. भूकंपाची अडचण त्यांच्यापुढे आलीच नव्हती. शास्त्रज्ञांची तरी वेगळी गत कुठे होती? भारताच्या भूकंप-नकाशात हा भाग तेव्हा सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या विभागात होता. १९९२ च्या ऑक्टोबरात किल्लारी परिसरात लहान धक्के बसले होते, पण त्यांवरून पुढचे भाकीत करणे कोणाला शक्य नव्हते. भूकंपाचा दिवस आणि वेळ आजही सांगता येत नाही. २००२ साली नकाशा सुधारला, तेव्हा तो पहिला विभागच काढून टाकण्यात आला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या विभागात गेला. आपली चूक मान्य करून ती नकाशावर दुरुस्त करणे, ही विज्ञानाची मोठी शक्ती आहे.

माझे म्हणणे एवढेच, की तारीख आणि परिमाण हे ज्ञानाचे दार आहे, घर नव्हे. न्यूटनचा नियम परीक्षेत घडाघडा लिहिणारा विद्यार्थी घरी जाऊन आपल्याच छताकडे मान वर करून पाहत नसेल, तर तो नियम त्याला आला असे मी म्हणणार नाही. शिक्षकांनाही विनंती आहे : स्पर्धेत 'केव्हा' आणि 'किती' जरूर विचारा, पण एक तरी 'का' विचारा, आणि त्याला गुण अधिक ठेवा.

भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसवली गेली, पण जुन्या धर्तीची घरे आजही पुष्कळ गावांत उभी आहेत. म्हणून या रविवारी एक काम करा. आपले घर पाहा. भिंत कशात बांधली आहे? दारा-खिडक्यांच्या वरून घराला चौफेर कवेत घेणारा काँक्रीटचा पट्टा आहे का? निजण्याच्या जागेवरच्या फळीवर पाटा, पितळी हंडे असे जड सामान तर रचलेले नाही ना? कच्च्या भिंतीला हात लावू नका. नुसते पाहा आणि वहीत टिपून ठेवा. मग वडीलधाऱ्यांना आणि गावातल्या जाणत्या गवंड्याला विचारा. पट्टा कसा घालतात, माळवदावरची माती कमी करता येईल का, हे तो सांगेल.

निदान ते हंडे तरी त्याच संध्याकाळी खाली काढा.