कळलावी : रूप देखणे, कंद विषारी

नोकरीनिमित्त चेन्नईच्या अण्णा नगरात बिऱ्हाड थाटलेल्या मराठी कुटुंबाला 'सेंगांदळ' हे नाव परके वाटेल. पण फूल पाहिले की ओळख पटते. तामीळनाडूचे हे राज्यपुष्प म्हणजे आपली कळलावी! कुणी तिला अग्निशिखा म्हणतात, कुणी खड्यानाग. दूरच्या झिम्बाब्वेचेही हेच राष्ट्रीय फूल.

पावसाळा सुरू झाला की जमिनीतल्या कंदातून ही वेल डोके वर काढते. सह्याद्रीच्या उतारावरची झुडपे आणि शेताची कुंपणे ही तिची आवडती ठिकाणे. चढण्याची तिची युक्ती मोठी गमतीची. पानाचे टोकच लांब होऊन दोऱ्यासारखे वळते आणि शेजारच्या फांदीला विळखा घालते. फुलाच्या सहा नागमोडी पाकळ्या आधी हिरवट, मग पिवळ्या आणि शेवटी लालभडक होतात. गौरी-गणपतीच्या सुमारास हिरव्या रानात जणू ज्वाळाच उठतात.

नावामागे मात्र वेगळीच कथा आहे. प्रसूतीच्या कळा लवकर याव्यात म्हणून पूर्वी या कंदाचा लेप लावत. म्हणून ती कळलावी. हा प्रयोग आज चुकूनही करू नये. कंदापासून बियांपर्यंत साऱ्या वेलीत कोल्चिसिन हे जहाल विष असते. रानातला खाण्याजोगा कंद समजून तो खाल्ल्याने माणसे दगावली आहेत. आधी उलट्या-जुलाब होतात, मग शरीरातले एकेक अवयव निकामी होऊ लागतात. या विषावर हमखास उतारा नाही. त्यामुळे घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

गंमत म्हणजे हेच कोल्चिसिन डॉक्टरांच्या हाती औषध ठरते. गाऊट या सांधेदुखीवर ते ठरावीक, अत्यल्प मात्रेत देतात. त्यासाठी तामीळनाडूत करूर, दिंडीगल भागांत शेतकरी कळलावीची शेती करतात. वेल आधारावर चढवतात, फुलांचे परागीकरण हाताने करतात आणि बिया औषध कंपन्यांसाठी विकतात.

रानातली कळलावी मात्र कंदासाठी खणली जाऊन अनेक ठिकाणी विरळ झाली आहे. फूल तोडले तरी वेल पुढच्या पावसात पुन्हा येते. पण कंदच उपटला, तर तिथली ज्वाळा कायमची विझते. तेव्हा फूल डोळे भरून पाहावे आणि कंद मातीतच राहू द्यावा. त्यात तिचेही भले, आपलेही!