मिळकतीची व्यवस्था आणि वकील

उतारवयात आपल्या मिळकतीची व्यवस्था कोणत्या वकिलाच्या सल्ल्याने लावावी, हा प्रश्न घरोघर पडतो. आणि बहुधा दारावरील पाटी पाहूनच तो सोडविला जातो. पदवी हवीच, पण या कामास अध्ययन निराळे लागते.

नागपुरापुरते पाहावयाचे तर डॉ. सर हरिसिंग गौर (१८७०–१९४९) यांचे उदाहरण आहे. केंब्रिजचे शिक्षण, बॅरिस्टरी आणि पुढे येथे दीर्घकाळ वकिली. परंतु त्यांचा लौकिक झाला तो मालमत्तेचे हस्तांतरण व हिंदू कायदा यांवरील ग्रंथांमुळे. स्वतःच्या मिळकतीचा विनियोगही त्यांनी हयातीतच केला आणि त्यातून १९४६ साली सागर विद्यापीठ उभे राहिले.

त्या काळी वकिलास अशिलाचे पूर्वज कोठून आले, हे विचारल्यावाचून गत्यंतर नसे. स्थलांतर करणारे कुटुंब आपला वारसाधर्म सोबत आणते, असे न्यायालये मानीत. मिताक्षरेचा बनारस संप्रदाय लावावा की महाराष्ट्राचा, हे त्यावरून ठरे. (मिताक्षरा मुळात वाचणारे वकील तेव्हाही विरळाच, भाषांतरावर भागविणारेच अधिक.) १ जानेवारी १९२७ पूर्वी येथील हिंदूचे तोंडी मृत्युपत्रही चाले, त्यानंतर लेख, स्वाक्षरी आणि दोन साक्षीदार यांवाचून ते टिकत नाही. एकत्र कुटुंबातील अविभक्त हिस्सा मृत्युपत्राने देण्याची मुभा तर १९५६ च्या कायद्याने आली.

म्हणून जाणता वकील प्रथम विचारतो, की मिळकत स्वकष्टार्जित की वडिलोपार्जित? त्याचा दुसरा प्रश्न आम्हांस अधिक मोलाचा वाटतो: तुम्ही उभयता राहणार कोठे? मृत्युपत्र हयातीत केव्हाही बदलता येते. नोंदून दिलेले बक्षीसपत्र सहसा परत घेता येत नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याचे २३ वे कलम ते रद्द करविण्याची वाट देते खरे, पण मिळकत सांभाळाच्या अटीवर दिलेली असली पाहिजे, आणि २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने ही अट आवश्यकच ठरविली. पोटच्या मुलाला अट कशी घालावी, म्हणून बाप संकोचतो. तेथे वकिलाने संकोचू नये. फी मुलगा देत असला तरी अशील म्हातारा आहे, हे ओळखून मुलास घटकाभर बाहेर बसविणारा वकील आढळला, तर काम त्याच्याकडेच सोपवावे.