पॅनिकचा रुग्ण आणि अल्प्राझोलामची पट्टी

चिंचोळी एमआयडीसीतली रात्रपाळी संपवून तिशीतला कामगार सकाळी दवाखान्यात येतो. छातीत धडधड, हातापायाला मुंग्या, ‘लई घाबरल्यागत होतंय डॉक्टर, आता राहत नाही मी.’ ईसीजी नॉर्मल येतो. आपण ‘काही झालं नाही, टेन्शन घेऊ नको’ म्हणतो आणि अल्प्राझोलामची पट्टी लिहून देतो. सोलापूर परिसरातल्या व्यवसायबंधूंना विनंती आहे ती याच दोन गोष्टींबद्दल.

त्याला झालेलं असतं. पॅनिकचा झटका सहसा दहा मिनिटांत टिपेला जाऊन ओसरतो, पण पुन्हा येईल ही धास्ती महिनोन्‌महिने राहते. थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर पाहावी. मावा किती, चहा किती, खात्यात कोणतं रसायन हाताळतो, हेही विचारावं. मग आजाराचं नाव त्याला स्पष्ट सांगावं.

अल्प्राझोलामने तासाभरात बरं वाटतं, म्हणूनच ती सुटत नाही. २०१४ पासून ती शेड्यूल एच-१ मध्ये आहे, केमिस्टला वेगळी नोंद ठेवावी लागते. आणि प्रेसवर उभ्या माणसाला डुलकी आली तर बोटं जातात. द्यावीच लागली तर थोडे दिवस, बंद करण्याची तारीख ठरवून.

खरा उपचार एसिटालोप्राम ५ मिलिग्रॅम किंवा सर्ट्रालिन २५ पासून हळूहळू वाढवत जाण्याचा. पहिल्या आठवड्यात बेचैनी वाढू शकते. हे आधी सांगितलं नाही तर रुग्ण गोळी टाकून देतो. गुण यायला काही आठवडे लागतात, आणि बरं वाटल्यावरही बरेच महिने औषध चालू ठेवावं लागतं.

श्वास खुर्चीतच शिकवावा. पोटावर हात, नाकाने चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत सावकाश बाहेर. सराव रोज, बरं असताना. ऐन झटक्यात पहिल्यांदा करणाऱ्याला तो जमत नाही. तोंडावर कागदी पिशवी धरायचा जुना सल्ला सोडून द्यावा, दमा किंवा हृदयविकार असेल तर तो जिवावर बेततो. कामावर झटका आला तर आधी मशीन बंद करायचं, हे मुकादमालाही ठाऊक हवं. मात्र त्या जागेवर परत जाणं टाळू देऊ नये. टाळण्याने भीती पोसते.

गुण येत नसेल, दारू असेल, मरणाचे विचार असतील तर मानसोपचारतज्ज्ञाकडे विनाविलंब पाठवावं. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक २०२२ पासून चोवीस तास सुरू आहे. तो आपल्या चिठ्ठीवर छापून घ्यावा.