निगेटिव्ह मुलगी नको?

लग्नाच्या बायोडेटात रास, गण, नाडी यांच्या खालीच आता रक्तगटाचा रकाना असतो. तिथे ‘ओ निगेटिव्ह’ दिसले की जमत आलेले स्थळही फिरते. निरोप मात्र ‘पत्रिका जुळत नाही’ असा येतो. नवरा-बायकोचा रक्तगट एकच असला तर मूल अधू निघते, अशीही भीती घरोघरी आहे. ती निव्वळ निराधार आहे. एकनाड म्हणजेच रक्तगटाचा दोष, हे सांगणेही तसेच.

खरी अडचण येते ती बायको निगेटिव्ह आणि नवरा पॉझिटिव्ह असेल तेव्हा. बाळाने वडिलांचा पॉझिटिव्ह गट घेतला आणि बाळंतपणात त्याच्या रक्तपेशी आईच्या रक्तात मिसळल्या, तर आईचे शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करू लागते. पहिले मूल बहुधा धडधाकट असते. फटका बसतो तो पुढच्या पॉझिटिव्ह बाळाला. ही प्रतिपिंडे वारेतून त्याच्यापर्यंत जातात आणि त्याच्या तांबड्या पेशी फोडतात. रक्त कमी होऊन बाळाच्या अंगावर सूज येते, कधी ते पोटातच दगावते. जन्मले तर तीव्र काविळीने मेंदूला इजा होऊ शकते. मग पहिले चांगले होते, हे का गेले, याचे उत्तर सुनेच्या नशिबात शोधले जाते. हा तिच्यावर उघड अन्याय आहे.

कारण यावर अँटी-डी इंजेक्शन १९६८ पासून उपलब्ध आहे. एक २८व्या आठवड्यात, दुसरे बाळ पॉझिटिव्ह निघाल्यास बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत. ते न घेतल्यास अशा शंभरातल्या साधारण १६ जणींच्या रक्तात प्रतिपिंडे तयार होतात; दोन्ही घेतल्यास हजारात दोन-तीन. एकदा ती तयार झाली की मात्र इंजेक्शनचा उपयोग नाही. हे औषध मुख्यतः माणसांनी दिलेल्या रक्तद्रवापासून बनते. ऑस्ट्रेलियाच्या जेम्स हॅरिसन यांनी त्यासाठी आयुष्यभरात १,१७३ वेळा दान केले.

आपल्याकडे लग्नाआधी विचारलेला रक्तगट नेमका गरोदरपणात विसरला जातो. पहिले बाळंतपण माहेरी, कार्ड सासरी. नवऱ्याचा रक्तगट तपासलेलाच नसतो. नाळेतले रक्त तपासायला पाठवायचे राहून जाते, आणि थंडपेटीत जपावे लागणारे इंजेक्शन तालुक्याच्या दुकानात नसले की नातलग जिल्ह्याला धावतात. त्यात ७२ तास सरतात. गर्भपात झाला, गर्भ नळीत राहिला किंवा गरोदरपणात पोटाला मार बसला, तरीही या इंजेक्शनची गरज पडू शकते. गर्भपाताच्या गोळ्या परस्पर आणून घेणाऱ्या बाईला हे सांगायला तर कोणीच नसते.

सरकारी रुग्णालयात गरोदर माता आणि बाळंतिणींना औषधे मोफत देण्याची योजना २०११ पासून आहे. मग जिथे बाळंतपणे होतात, त्या प्रत्येक सरकारी दवाखान्याच्या फ्रीजमध्ये अँटी-डी असलेच पाहिजे. आणि घरात निगेटिव्ह सून किंवा लेक गरोदर असेल, तर तिच्या नवऱ्याचा रक्तगट आजच तपासून घ्या, २८व्या आठवड्याची तारीख कार्डावर लिहून घ्या आणि माहेरी जाताना ते कार्ड तिच्या पिशवीत ठेवा.